पित्ताशयाचा कर्करोग: शस्त्रक्रियेआधी कोणता स्कॅन, कधी आणि त्यात काय बघायचं

‘पित्ताशयात गाठ, कर्करोगाचा संशय’ एवढ्यावर संपलेला रिपोर्ट सर्जनच्या हातात पडला, तर त्याचे सगळे प्रश्न तसेच राहतात. नुसतं पित्ताशय काढून भागेल, की सोबत यकृताचा तुकडाही काढावा लागेल? तुकडा केवढा? पित्तनलिका वाचेल का? उजवी यकृत धमनी मोकळी आहे का? आणि या सगळ्याच्या आधी, पोट उघडण्यात अर्थ आहे का? या कर्करोगात आजार पूर्ण निघाला तरच शस्त्रक्रियेचा खरा उपयोग होतो. गाठ अर्धवट काढली, तर रुग्णाचे कित्येक आठवडे जखम भरण्यात जातात आणि तोवर केमोथेरपी लांबते. म्हणून ही उत्तरं टेबलावर नाही, त्याआधी स्कॅनमध्ये मिळायला हवीत. खालची माहिती निवासी डॉक्टर, सीटी-एमआरआयचे तंत्रज्ञ आणि नुकतेच या कामात आलेले सर्जन यांच्यासाठी आहे.

आधी भिंत समजून घ्या

पित्ताशयाच्या भिंतीला आतड्यासारखा सबम्युकोसाचा थर नसतो. आतलं अस्तर, त्याखाली लॅमिना प्रोप्रिया, मग स्नायूचा पातळ थर, त्याबाहेर सैल संयोजी ऊतक, आणि पोटाच्या पोकळीकडे तोंड असलेल्या बाजूला सिरोसा (बाहेरचं पातळ आवरण). यकृताला चिकटलेल्या बाजूला सिरोसा नसतोच. तिथलं संयोजी ऊतक सरळ यकृतातल्या ऊतकात मिसळतं. त्यामुळे स्नायू ओलांडलेल्या गाठीला या बाजूने अडवणारं फारसं काही उरत नाही.

टप्पे ठरतात ते याच रचनेवर. लॅमिना प्रोप्रियापर्यंत टी१ए, स्नायूपर्यंत टी१बी. स्नायूबाहेरच्या संयोजी ऊतकात गेली पण सिरोसा फुटला नाही, तर टी२. त्यातही पोटाच्या पोकळीच्या बाजूची गाठ टी२ए आणि यकृताच्या बाजूची टी२बी. हा फरक एजेसीसीच्या (कर्करोगाचे टप्पे ठरवणारी अमेरिकन समिती) आठव्या आवृत्तीत आला, कारण यकृताच्या बाजूच्या गाठी जास्त वाईट वागतात. सिरोसा फुटला, गाठ यकृतात शिरली किंवा शेजारच्या एका अवयवात गेली की टी३. मुख्य पोर्टल शीर (आतड्यांकडून यकृतात रक्त नेणारी) किंवा यकृत धमनी धरली, किंवा यकृताबाहेरचे दोन अवयव धरले की टी४.

टी१एला साधं पित्ताशय काढणं पुरतं. टी१बीपासून पुढे पित्ताशयाच्या खोबणीलगतचा सुमारे २ सेंमी जाडीचा यकृताचा भाग किंवा ४बी आणि ५ हे सेगमेंट (यकृताचे क्रमांक दिलेले भाग), आणि सोबत लसिकाग्रंथी काढण्याची पद्धत आहे. टी१ए की टी१बी हे मात्र कुठलाही स्कॅन खात्रीने सांगू शकत नाही. ते सूक्ष्मदर्शकाचं काम आहे. रिपोर्टमध्ये तसा आव आणू नका.

सोनोग्राफी: संशय इथेच यायला हवा

रुग्ण ६ ते ८ तास उपाशी असावा. जेवण झालं की पित्ताशय आकुंचन पावतं, भिंत खोटी जाड दिसते आणि आतली छोटी गाठ दुमडीत हरवते. ३ ते ५ मेगाहर्ट्‌झच्या वक्र प्रोबने सुरुवात करा, हार्मोनिक चालू ठेवा. फंडस (पित्ताशयाचं रुंद, बंद टोक) पोटाच्या भिंतीच्या अगदी जवळ असतो आणि तिथे प्रतिध्वनीचा धूर येतो. चपटी गाठ निसटते ती याच ठिकाणी. म्हणून फंडससाठी जास्त फ्रीक्वेन्सीचा लिनियर प्रोब घ्यायची सवय लावा. त्याला एक मिनिटसुद्धा लागत नाही.

उताणं, डाव्या कुशीवर आणि बसवून अशा तीन स्थितींत बघा. खडा हलतो, गाळ हळूहळू सरकतो, गाठ जागेवर राहते. घट्ट गाळाचा गोळा मात्र हुबेहूब गाठीसारखा दिसू शकतो आणि चिकटून बसला तर हलतही नाही. अशा वेळी कलर डॉप्लरचा स्केल खाली आणा आणि आत रक्तप्रवाह शोधा. मिळाला तर गाळ नव्हे. मिळाला नाही म्हणून गाठ नाही, असंही नाही. तिथे काँट्रास्ट सोनोग्राफी किंवा एमआरआय करून शंका मिटवा.

भिंतीची जाडी ध्वनिकिरण काटकोनात पडत असतील तिथेच मोजा. तिरक्या छेदात ती फुगून येते. उपाशीपोटी ३ मिमीपर्यंत भिंत सर्वसाधारण. त्याहून जाड भिंत बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. हृदयविकार, सिऱ्हॉसिस, हिपॅटायटिस, रक्तातली प्रथिनं कमी होणं, जुना दाह या सगळ्यांत भिंत जाडावते. पण तेव्हा जाडी सगळीकडे सारखी असते आणि थर दिसत राहतात. काळजी कधी करायची? जाडी एकाच जागी असेल, थर पुसले गेले असतील, आतला काठ ओबडधोबड असेल आणि यकृत व भिंत यांमधली रेघ तुटली असेल तेव्हा. यासाठी २०२२ मध्ये आलेली जीबी-रॅड्स ही ० ते ५ वर्गांची पद्धत वापरा: ० म्हणजे तपासणी अपुरी, ५ म्हणजे कर्करोग जवळपास निश्चित. वर्ग लिहिला की ‘भिंत थोडी जाड’ या गुळमुळीत वाक्यामागे लपता येत नाही, हा तिचा मोठा फायदा.

पॉलिपबाबत १० मिमी ही शस्त्रक्रियेचा विचार करण्याची रूढ सीमा आहे. वय ६० च्या वर असेल, प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस (पित्तनलिका अरुंद करणारा जुनाट दाह) असेल किंवा पॉलिप बिनदेठाचा, रुंद बुडाचा असेल, तर ६ मिमीपासूनच सावध राहा.

खड्यांनी गच्च भरलेलं पित्ताशय हा सोनोग्राफीतला सगळ्यात मोठा सापळा. पुढची भिंत, खड्यांची रेघ आणि तिच्यामागे काळी सावली, एवढंच दिसतं. मागची भिंत दिसतच नाही. ‘पित्ताशयात खडे’ असं लिहून मोकळं होण्याआधी ‘मागची भिंत सावलीमुळे दिसली नाही’ हे वाक्य लिहा. रुग्णाचं वजन घटत असेल, वेदना सतत राहत असेल किंवा वय जास्त असेल, तर सीटी सुचवा. आणि खडा पोकळीत मोकळा नसून मांसल गोळ्यात रुतून बसलेला दिसला, तर ती गाठ पित्ताशयातूनच उगवली आहे असं समजा.

सीटी: बहुतेक निर्णय इथे होतात

छाती, पोट आणि ओटीपोट एकाच बैठकीत घ्या. नुसत्या ‘वरच्या पोटाचा सीटी’ने फुप्फुसातले डाग, ओटीपोटातलं पाणी आणि अंडाशयावरच्या गाठी सुटतात.

आधी ५०० ते १००० मिली साधं पाणी पाजा, त्यातला शेवटचा ग्लास टेबलावर झोपवण्याच्या जरा आधी. पाण्याने ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) फुगतं आणि त्याची भिंत वेगळी दिसते. पांढरं तोंडी काँट्रास्ट इथे देऊ नका. त्याच्या चकाकीत भिंतीची बारीक अनियमितता बुडते आणि धमन्यांचं त्रिमितीय चित्र बिघडतं.

शिरेतून आयोडिनयुक्त काँट्रास्ट किलोला साधारण १.५ मिली, सेकंदाला ३ ते ४ मिली वेगाने. हातात १८ किंवा २० गेजची सुई हवी. क्रिएटिनिन आणि ईजीएफआर आधी बघा. कावीळ असलेल्या रुग्णाचं मूत्रपिंड नाजूक अवस्थेत असतं, त्यामुळे काँट्रास्टआधी त्याच्या शरीरात पुरेसं पाणी आहे याची खात्री करा.

दोन फेज, म्हणजे काँट्रास्ट धमन्यांत आणि मग पोर्टल शिरेत पोहोचल्यावर घेतलेली चित्रं, पक्के. उशिरा धमनी फेज साधारण ३५ व्या सेकंदाला; बोलस ट्रॅकिंग असेल तर तेच वापरा. पोर्टल फेज ६५ ते ७० व्या सेकंदाला. रिकन्स्ट्रक्शन १ ते १.५ मिमी जाडीचं हवं. ५ मिमीच्या जाड छेदांवर पित्ताशयाची मान आणि पित्तनलिकांचा संगम वाचणं म्हणजे अंदाज बांधणं. कोरोनल आणि सॅजिटल छेद तर कराच, शिवाय पित्ताशयाच्या लांब अक्षाला समांतर एक तिरका छेद काढा. गाठ आणि यकृत यांची सीमा त्यात सगळ्यात स्वच्छ दिसते.

आता वाचन. ते ठरावीक क्रमानेच करा. नजर पहिल्यांदा गाठीवर जाते आणि तिथेच अडकते. मग पोटाच्या कोपऱ्यातला छोटा डाग राहून जातो. त्यामुळे आधी लांबचा आजार शोधा, गाठ शेवटी बघा.

फुप्फुसं, मग यकृताचे गाठीपासून दूरचे सेगमेंट, मग पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर). उजव्या डायफ्रामखाली, यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या खाचेत, ओमेंटममध्ये (आतड्यांवरचा चरबीचा पडदा), दोन्ही पॅराकोलिक गटारांत, ओटीपोटाच्या तळाशी, बेंबीत आणि अंडाशयांवर मुद्दाम थांबा. ओमेंटममधल्या चरबीत धुरकटपणा आला असेल किंवा जरासं पाणी कुठल्याही कारणाशिवाय दिसत असेल, तर ते नोंदवा. काही मिलिमीटरचे पेरिटोनियल कण सीटीला दिसत नाहीत, ही त्याची मर्यादाच आहे. म्हणून सीटी स्वच्छ असला तरी मोठी चीर देण्याआधी दुर्बिणीने पोटात बघून घेतात. तुमच्या रिपोर्टमधल्या एका ‘संशयास्पद’ शब्दाने त्या दुर्बिणीला नेमकी जागा मिळते.

मग भिंत. आतला थर जाड आणि ठळक पांढरा, साधारण २.६ मिमी किंवा त्याहून जास्त, आणि बाहेरचा थर पातळ, फिकट: हे दृश्य कर्करोगाकडे झुकतं. सगळी भिंत एकजीव होऊन एकाच थरासारखी पांढरी होणंही तसंच. आतला थर पातळ आणि बाहेरचा जाड, पाणावलेला असेल तर बहुधा दाह.

यकृतात घुसखोरी आहे का, हे ठरवताना एक चूक वारंवार होते. पित्ताशयाच्या शिरा थेट ४ आणि ५ सेगमेंटमध्ये उतरतात. गाठीमुळे किंवा दाहामुळे तिथला रक्तप्रवाह वाढला की धमनी फेजमध्ये शेजारचं यकृत उजळतं आणि घुसखोरी असल्याचा भास होतो. पोर्टल फेजला जा. उजळपणा विरून यकृत पूर्ववत दिसलं, तर ती निव्वळ रक्तप्रवाहाची करामत. खरी घुसखोरी पोर्टल फेजमध्ये गडद राहते, तिचा काठ खडबडीत असतो आणि मधली चरबीची रेघ नाहीशी झालेली असते. घुसखोरी असेल तर पित्ताशयाच्या मूळ भिंतीपासून काटकोनात तिची खोली मिलिमीटरमध्ये मोजा. यकृताचा तुकडा केवढा काढायचा, हे त्या आकड्यावर ठरतं.

मधली यकृत शीर पित्ताशयाच्या खोबणीच्या रेषेत वर जाते आणि तिच्या ४ व ५ सेगमेंटकडच्या फांद्या काही वेळा खोबणीच्या अगदी लगत असतात. गाठीपासून त्यांचं अंतर लिहा. यकृत कापताना अनपेक्षित रक्तस्राव होतो तो बरेचदा इथूनच.

मानेची गाठ आणि फंडसची गाठ हे दोन वेगळे आजार समजून वाचा. फंडसची गाठ मोठी होऊनही धमन्या-शिरांपासून लांब राहू शकते. मानेची २ सेंमीची गाठ मात्र उजवी यकृत धमनी, उजवी पोर्टल शीर आणि सामाईक यकृत नलिका या तिन्हींना एकाच वेळी भिडू शकते. उजवी यकृत धमनी बहुतेकांत सामाईक यकृत नलिकेच्या मागून उजवीकडे जाते, म्हणून पहिला बळी तिचाच. प्रत्येक वाहिनीबद्दल तीन गोष्टी लिहा: स्पर्श किती अंशांचा, १८० पेक्षा कमी की जास्त, किती लांबीवर, आणि वाहिनी अरुंद किंवा बंद झाली आहे का. ‘वाहिन्यांच्या जवळ’ या शब्दांवरून सर्जनला काहीच ठरवता येत नाही.

धमनीचे फाटे आधीच शोधून ठेवा. उजवी यकृत धमनी कधी कधी सुपिरियर मेसेंटेरिक धमनीतून निघते आणि पोर्टल शिरेच्या मागून वर येते. डावी यकृत धमनी लेफ्ट गॅस्ट्रिकमधून येऊ शकते. गाठ उजवीकडे पसरली असेल, तर उरणारं डावं यकृत कुठल्या धमनीवर जगणार, हे शस्त्रक्रियेआधी माहीत असलंच पाहिजे.

लसिकाग्रंथी

ठाणी क्रमाने बघा: सिस्टिक नलिकेजवळ (पित्ताशयातून निघणारी नलिका), पित्तनलिकेभोवती, यकृत धमनी आणि पोर्टल शिरेलगत, स्वादुपिंडाच्या डोक्यामागे. तिथून पुढे सीलिॲक, सुपिरियर मेसेंटेरिक, आणि महाधमनी व आयव्हीसी (खालची महाशीर) यांच्या मधल्या. आठव्या आवृत्तीत जवळच्या १ ते ३ ग्रंथींत आजार असेल तर एन१, ४ किंवा जास्त असतील तर एन२. सीलिॲक, सुपिरियर मेसेंटेरिक आणि महाधमनीलगतच्या ग्रंथींतला आजार दूरचा धरला जातो आणि तिथे शस्त्रक्रियेचा बेत बहुधा थांबतो.

महाधमनी आणि आयव्हीसी यांच्यामधला, डाव्या मूत्रपिंड शिरेच्या खालच्या कडेपासून इन्फिरियर मेसेंटेरिक धमनीच्या उगमापर्यंतचा टप्पा प्रत्येक स्कॅनमध्ये स्वतंत्रपणे तपासा. अनेक सर्जन सुरुवातीलाच इथली ग्रंथी काढून फ्रोझन सेक्शनला (शस्त्रक्रिया चालू असतानाच होणारी झटपट तपासणी) पाठवतात आणि त्या निकालावर पुढचं ठरवतात. स्कॅनमध्ये ती आधीच संशयास्पद दिसली, तर एंडोस्कोपिक सोनोग्राफीतून सुईने नमुना घेता येतो आणि एक मोठी चीर टळते.

लहान व्यास १० मिमीच्या वर ही रूढ खूण, पण एकटी विसंबण्याजोगी नाही. ७ मिमीच्या ग्रंथीत आजार असू शकतो आणि १५ मिमीची नुसत्या दाहाची असू शकते. गोल आकार, मध्यभागी काळपट मृत भाग, कडेला पांढरं कडं आणि चरबीचा दांडा नाहीसा होणं, या खुणा जास्त बोलतात. मृत मध्य आणि पांढरं कडं क्षयाच्या ग्रंथींतही हुबेहूब दिसतं. त्यामुळे शस्त्रक्रिया रद्द करण्याचा निर्णय एकट्या ग्रंथीवर टेकणार असेल, तर नमुना घेतल्याशिवाय तो घेऊ नये.

ग्रंथी समजून फसण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. यकृताच्या कॉडेट लोबचा लोंबता भाग, ड्युओडेनमची पिशवी, डायफ्रामचा उजवा पाय आणि सिस्टर्ना कायली. प्रत्येक संशयित ग्रंथी वर-खाली दहा छेद सरकवून बघा. ती कशाला तरी जोडलेली निघाली, तर ग्रंथी नव्हे.

कावीळ असेल तर आधी एमआरआय, स्टेंट नंतर

हा मुद्दा आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, कारण इथे झालेली चूक मागे घेता येत नाही. कावीळ दिसली की घाईने ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जाणं) करून स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी नळी) घातला जातो आणि मग स्कॅन मागवला जातो. तोवर पित्तनलिका कोसळलेल्या असतात, त्यांत हवा शिरलेली असते, भिंती दाहाने जाड झालेल्या असतात. गाठ कुठवर गेली आहे, हे सांगणारा नैसर्गिक फुगवटाच गेलेला असतो. स्टेंटच्या दाहाने ग्रंथीही सुजतात. धातूचा स्टेंट असेल तर आसपासचं चित्रच बिघडतं. रुग्णाला कोलँजायटिस (पित्तनलिकांचा संसर्ग) असेल आणि जीव धोक्यात असेल, तर पित्ताला वाट करून देणं पहिलं, यात वाद नाही. तशी आणीबाणी नसेल, तर सीटी आणि एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) आधी उरकून घ्या. त्यासाठी एक-दोन दिवस थांबणं परवडतं.

एमआरआयला ४ ते ६ तास उपाशी ठेवा. पोटातल्या पाण्याचा पांढरा उजेड पित्तनलिकांवर पडू नये म्हणून तोंडी निगेटिव्ह काँट्रास्ट द्या. तयार औषध नसेल तर अननसाचा रस चालतो. त्यातल्या मँगनीजमुळे जठर आणि ड्युओडेनम एमआरसीपीत काळे पडतात.

सीक्वेन्स असे घ्या (इथले टी१, टी२ हे एमआरआयचे प्रकार, गाठीचे टप्पे नव्हेत): टी२ कोरोनल आणि ॲक्सियल, फॅट सॅच्युरेशनसह टी२, डिफ्यूजन कमीत कमी दोन बी-व्हॅल्यूंवर आणि त्यातली वरची ८०० च्या आसपास, श्वासाशी जुळवलेला ३डी एमआरसीपी, आणि काँट्रास्टआधी व नंतर टी१चे डायनॅमिक फेज. श्वास अनियमित असेल तर ३डी धूसर येतो. तेव्हा एका श्वासात होणारे जाड स्लॅबचे २डी एमआरसीपी वेगवेगळ्या कोनांतून घ्या. साधं गॅडोलिनियम किलोला ०.१ मिलिमोल. यकृतातले बारीक डाग शोधायचे असतील तर गॅडॉक्सेटिक ॲसिड किलोला ०.०२५ मिलिमोल आणि हिपॅटोबिलिअरी फेज २० मिनिटांनी. कावीळ जास्त असेल तर यकृतपेशी हे औषध नीट उचलत नाहीत आणि तो फेज फिका पडतो; मग साधं काँट्रास्टच बरं.

एमआरसीपीत पहिला प्रश्न: अडथळा कशामुळे? गाठ नलिकेत शिरली आहे, बाहेरून ग्रंथी दाबते आहे, की खाली नलिकेत खडाच आहे? तिन्हींत कावीळ सारखीच दिसते, पण पुढची वाट वेगळी. खडा असेल तर कावीळ म्हणजे पुढचा टप्पा, हे गणित चुकतं आणि काढता येण्यासारखी गाठ सोडून दिली जाते. दुसरा प्रश्न: अडथळा कुठवर? बिस्मथ-कॉर्लेटच्या भाषेत लिहा. संगमाच्या खाली असेल तर १, संगमावर २, उजव्या दुसऱ्या फाट्यापर्यंत ३ए, डाव्या दुसऱ्या फाट्यापर्यंत ३बी, दोन्हीकडे ४. तिसरा प्रश्न नलिकांच्या वेगळ्या रचनेचा. उजवी मागची नलिका खाली येऊन सामाईक किंवा सिस्टिक नलिकेत उघडते का? पित्तनलिका आणि स्वादुपिंड नलिका ड्युओडेनमच्या भिंतीबाहेरच जुळून सामाईक मार्ग अवाजवी लांब झाला आहे का? या दुसऱ्या रचनेत पित्ताशयाच्या कर्करोगाचा धोका मुळातच जास्त असतो.

डिफ्यूजनमध्ये निरोगी लसिकाग्रंथीसुद्धा चमकतात. चमक ही शोधायला मदत करणारी गोष्ट. आजाराचा पुरावा नव्हे.

ड्युओडेनम आणि मोठं आतडं

पित्ताशयाला ड्युओडेनमचा पहिला-दुसरा भाग आणि कोलनचं यकृताकडचं वळण चिकटून असतं. मधली चरबीची रेघ गेली एवढ्यावरून घुसखोरी म्हणू नका. सडपातळ माणसात ती मुळातच नसते. आतड्याची भिंत तेवढ्याच भागात जाड, आतला काठ कुरतडल्यासारखा, किंवा पित्ताशयात हवा दिसत असेल तर मात्र घुसखोरी किंवा फिस्टुला (पित्ताशय आणि आतडं यांमधली असामान्य वाट) धरा. हवेबाबत एक खबरदारी: आधी स्टेंट किंवा स्फिंक्टरोटॉमी (पित्तनलिकेचं तोंड कापून रुंद करणं) झाली असेल तर ती हवा तिथूनही येते. शंका असेल तर एंडोस्कोपीने आतून बघून घेणं सोपं.

कर्करोगासारखं दिसणारं

झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस हा यातला सगळ्यात अवघड नकल्या. भिंत सगळीकडे जाड, भिंतीच्या आत काळपट गाठोडी किंवा पट्टे, आतल्या अस्तराची पांढरी रेघ मात्र अखंड, सोबत खडे. हा दाह यकृतात आणि आतड्यातही शिरल्यासारखा दिसतो आणि पेट स्कॅनवरही (किरणोत्सारी साखर जास्त उचलणारा भाग उजळ दाखवणारा स्कॅन) पेटतो. अस्तराची रेघ तुटली असेल तर पारडं कर्करोगाकडे झुकतं. दोन्ही एकाच पित्ताशयात असू शकतात, म्हणून रिपोर्टमध्ये ‘सौम्य’ असा निवाडा देऊ नका.

ॲडिनोमायोमॅटोसिस ओळखणं त्या मानाने सोपं. भिंतीतल्या बारीक पिशव्या टी२ वर मोत्यांच्या माळेसारख्या दिसतात आणि सोनोग्राफीत धूमकेतूच्या शेपटीसारखी चमक सोडतात.

पेट-सीटी कधी

सरसकट नको. सीटीत आजार जागेवरच दिसतो, पण गाठ पुढच्या टप्प्याची आहे, किंवा एखादी ग्रंथी, एखादा डाग मनात शंका ठेवून जातो, तेव्हा मागवा. ४ ते ६ तास उपास, रक्तातली साखर २०० मिलिग्रॅमच्या आत, इंजेक्शननंतर सुमारे ६० मिनिटं शांत पडून राहणं. दाह, क्षय आणि स्टेंट हे तिन्ही खोटे दिवे लावतात. म्युसिनस (श्लेष्म स्रवणाऱ्या) गाठी आणि बारीक पेरिटोनियल कण उलट अंधारातच राहतात.

पित्ताशय आधीच काढलं गेलं असेल तर

खड्यांसाठी पित्ताशय काढलं आणि पॅथॉलॉजीत कर्करोग निघाला, असं अनेकदा होतं. स्कॅन लावण्याआधी तीन कागद मिळवा. पॅथॉलॉजी रिपोर्ट: टप्पा, गाठ यकृताच्या बाजूची की पोटाच्या पोकळीच्या, सिस्टिक नलिकेची कड मोकळी का, सिस्टिक ग्रंथी आली होती का. शस्त्रक्रियेची नोंद: पित्ताशय फुटलं का, पित्त सांडलं का, पिशवीतून बाहेर काढलं का, कुठल्या छिद्रातून. आणि शस्त्रक्रियेआधीची सोनोग्राफी. ती आता नव्या नजरेने बघितली की गाठीची जागा पुष्कळदा सापडते.

सीटीत पित्ताशयाच्या खोबणीत थोडं पाणी, क्लिपची चमक आणि धुरकट चरबी सुरुवातीचे काही आठवडे असतेच. गाठोड्यासारखा, काँट्रास्ट उचलणारा, यकृतात दात रुतवणारा भाग मात्र उरलेला आजार समजा. पित्ताशय बाहेर काढलेलं छिद्र मुद्दाम तपासा. पेट करायचा असेल तर शस्त्रक्रियेनंतर ४ ते ६ आठवडे जाऊ द्या, नाहीतर भरत असलेली जखमच पेटलेली दिसते. दुसरी शस्त्रक्रिया सहसा पहिलीनंतर ४ ते ८ आठवड्यांत ठरवतात, त्यामुळे स्कॅनची तारीख त्या हिशेबाने घ्या.

मोठी यकृत शस्त्रक्रिया ठरत असेल तर मोजमाप

उजवं यकृत काढायची वेळ आली, तर पोर्टल फेजवर उरणाऱ्या भागाचं आकारमान काढा. निरोगी यकृतात एकूण कार्यक्षम यकृताच्या २० टक्के तरी उरायला हवं, केमोथेरपी झालेल्या किंवा चरबी साठलेल्या यकृतात ३० टक्के, सिऱ्हॉसिसमध्ये ४० टक्के. बरेच दिवस कावीळ असलेल्या यकृतालाही निरोगी धरू नका. गाठीचं आकारमान एकूण यकृतातून वजा करायला विसरू नका. ते राहिलं की टक्केवारी चुकते. कमी पडत असेल तर उजवी पोर्टल शीर बंद करून ३ ते ६ आठवड्यांनी पुन्हा मोजतात.

बायोप्सी

गाठ पूर्ण निघण्यासारखी वाटत असेल, तर त्वचेतून सुई घालू नका. वाटेत आणि पेरिटोनियममध्ये पेशी सांडण्याचा धोका आहे, आणि नमुना नकारात्मक आला तरी निर्णय बदलत नाही. काढता न येणारी गाठ असेल, तर केमोथेरपीआधी नमुना लागतोच. तो मिळवण्याची सगळ्यात सोपी जागा, यकृतातला डाग की ग्रंथी, रिपोर्टमध्येच सुचवा.

रिपोर्टचा सांगाडा

असा रिपोर्ट सर्जनच्या कामाचा असतो:

‘पित्ताशयाच्या मानेत, यकृताच्या बाजूला ३१ × २४ मिमीची गाठ. यकृतात ५ सेगमेंटमध्ये ९ मिमी खोल घुसखोरी. उजव्या यकृत धमनीला १२ मिमी लांबीवर १८० अंशांपेक्षा कमी स्पर्श, अरुंदपणा नाही. मुख्य व डावी पोर्टल शीर मोकळी, उजव्या शिरेपासून अंतर ६ मिमी. सामाईक यकृत नलिकेत अडथळा, बिस्मथ १, संगम मोकळा. ड्युओडेनमची भिंत सर्वसाधारण. पित्तनलिकेलगत दोन संशयास्पद ग्रंथी, मोठी ११ मिमी. महाधमनी-आयव्हीसी दरम्यान संशयास्पद ग्रंथी नाही. पेरिटोनियम, दूरचं यकृत, फुप्फुसं स्वच्छ. धमनीची रचना नेहमीची. स्टेंट नाही.’

नकारात्मक निष्कर्षही नाव घेऊन लिहिलेले बघा. ‘बाकी सर्व सामान्य’ असं लिहिलं, तर महाधमनीलगतचा टप्पा बघितला की राहून गेला, हे वाचणाऱ्याला कळत नाही. खात्री नसेल तिथे संशयाची पातळी आणि तो मिटवायची पुढची तपासणी, दोन्ही लिहा.

शेवटची गोष्ट तारखेची. हा कर्करोग वेगाने सरकतो. स्कॅन आणि शस्त्रक्रिया यांत ४ आठवड्यांपेक्षा जास्त अंतर पडलं, किंवा मधे स्टेंट, कोलँजायटिस अथवा नवी कावीळ झाली, तर सीटी पुन्हा करा. जुना आणि नवा स्कॅन शेजारी लावून चार जागा जुळवा: यकृतातली घुसखोरीची खोली, उजवी यकृत धमनी, महाधमनीलगतच्या ग्रंथी आणि ओमेंटम.